भावाचा उपास

१६ जून १९७५, सोमवार

आज रुजू झाले! हसनाबादच्या पुढं फाट्यावर एस.टी.नं उतरवलं. तिथून माझी ट्रंक डोक्यावर घेतलेला पुंजाराम पुढं आणि चपला हातात घेऊन चिखल तुडवणारी मी मागं, अशी आमची वरात गावात शिरली. पुंजाराम शाळेचा शिपाई आहे. गावाचा इतिहास, भूगोल आणि कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली होती, हे सगळं त्यानं वाटेतच सांगून टाकलं. शाळेला दोन खोल्या आणि एक लिंब आहे. मुख्याध्यापक काकासाहेब रोज हसनाबादहून सायकलवर येतात. शांत आणि जरा भित्रा माणूस, सगळा जीव कागदपत्रांत. त्यांनी गणित आणि विज्ञान माझ्या गळ्यात घातलं, मीही आनंदानं घालून घेतलं.

खोलीची काळजी होती, ती तासाभरात मिटली. गावाच्या कडेला चांगुणाबाई नावाच्या विधवा बाईंचं धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं घर आहे. एकट्या राहतात, जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दिलेली आहे. मी आधीच सांगून टाकलं की मी बौद्ध आहे, मागाहून कटकट नको. त्यांनी नुसता हात झटकला आणि लग्न झालंय का एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

आता दादाला पत्र लिहायचंय. आई-बाबा गेल्यावर जालन्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून त्यानं मला शिकवलं. बहीण मास्तरीण होणार म्हणून सगळ्या जिनिंगला आधीच पेढे चारून बसलाय. आता तर त्याला आवरणं कठीण.

२२ जून, रविवार

घर छान लागलं. पुढं माझी खोली, मध्ये छोटं अंगण, मागं चांगुणाबाईंचं स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक अंधारा कोठा. भिंती हातभर जाड, त्यामुळं आत गारवा असतो. उजेडासाठी धाब्यात एक भोक ठेवलंय, त्यातून दुपारी माझ्या अंथरुणावर ताटाएवढं ऊन पडतं. मनी नावाची एक मांजर ऊन पडलं की बरोबर त्यात येऊन बसते. मनीला इथं काम काही नाही, कारण घरात एकही उंदीर नाही. असं घर मी पहिल्यांदाच पाहते आहे.

बौद्धवाड्यातल्या केशरबाई काल भांडायला आल्या होत्या. जय भीम घातला आणि लगेच सुरू झाल्या, की आपल्यात राहायचं सोडून तिकडं कशाला गेलीस. मी त्यांना चांगलं भाषणच दिलं. म्हटलं, मावशी, कुणीतरी गावाच्या आडावर पाणी भरायला सुरुवात करायला नको का? केशरबाईंनी ऐकून घेतलं, पदराखालची भाकरी-चटणी माझ्या हातात दिली आणि मान हलवत गेल्या. त्यांना माझा राग आलाय की काळजी वाटतेय, हे कळायला मार्ग नाही. भाकरी मात्र फार सुरेख होती.

चांगुणाबाई उंबऱ्याबाहेर जात नाहीत. पाणी शेजारची बाई आणून ओतते, वाणसामान बटईदार आणून देतो. देवळात नाही, शेतात नाही, कुणाच्या मयतीलाही नाही. गुडघे दुखत असतील म्हणून मी तेल चोळून देऊ का विचारलं, तर म्हणाल्या की गुडघे चांगले आहेत.

२९ जून, रविवार

कोठ्यातून वास येत होता, म्हणून आज मी दार ढकललं. चांगुणाबाईंनी अडवलं नाही. उलट दिवा धरून मागं उभ्या राहिल्या.

कोपऱ्यात शेणानं सारवलेली, झाकण बांधलेली एक पाटी होती. तिच्यापुढं वाटीत नासलेलं दूध, हळदीकुंकू, सुकून काळी पडलेली फुलं. झाकण उघडलं आणि मी दोन पावलं मागं झाले. आत नाग होता. पण नाग म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं. अंगावर जुनी कात जागोजाग चिकटून राहिलेली, डोळ्यांवरसुद्धा, त्यामुळं तो आंधळाच झाला होता. खवल्यांखाली गोचिडी. तोंड सुजलेलं. विषाचे दात मुळातून मोडलेले. बरगड्या मोजता येतील इतका वाळलेला. मला रडू फुटलं आणि त्याचबरोबर इतका संताप आला की चांगुणाबाईंना मी नको ते बोलले. जिवंत जीवाला पाटीत कोंबून वर कुंकू वाहायचं, ही कसली भक्ती? त्यांनी दिव्याची वात वर सारली. म्हणाल्या, फार वर्षांपूर्वी एका गारुड्यानं टाकून दिला होता, त्यांनी ठेवून घेतला. आता त्यांच्यानं होत नाही. मला पाहायचं असेल तर मी पाहावं.

पाहीन म्हटलं. दिल्लीत आणीबाणी पुकारली म्हणून काकासाहेब परवापासून घाबरे झालेत. रजा बंद, बदल्या बंद, बोलणं बंद. माझ्या घरात मात्र वेगळीच आणीबाणी सुरू झाली.

६ जुलै, रविवार

हसनाबादला जनावरांच्या डॉक्टरांना जाऊन भेटले. ते आधी पोटभर हसले. म्हणाले, बाई, माझ्याकडं बैल येतात, फार तर शेळ्या येतात. मग लाल औषधाची पुडी दिली आणि चिमूटभर पाण्यात घालून तोंड धुवायला सांगितलं. साप दूध पचवू शकत नाही हेही त्यांनी सांगितलं. ते मला माहीत होतं, पण चांगुणाबाईंना ऐकवायला बरं पडलं.

दिनक्रम असा. सकाळी शाळेआधी घमेल्यात कोमट पाणी, त्यात त्याला बसवते. छत्रीची तार वाकवून आकडा केलाय, त्यानं उचलते. मग ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवते, म्हणजे कात मऊ पडते. संध्याकाळी चिमट्यानं गोचिडी काढून रॉकेलच्या डबीत टाकायच्या. पाणातिपाता वेरमणी, जीवहत्या करणार नाही, असं म्हणताना गोचिडींच्या बाबतीत जरा हळू म्हणते. उंदीर-बेडूक मारून घालणं माझ्यानं होणार नाही, त्यामुळं अंड्याचा बलक चमच्यानं भरवते. पहिले दोन दिवस सगळं बाहेर यायचं. काल पोटात राहिलं. मी एकटीच कोठ्यात बसून टाळ्या वाजवल्या.

चांगुणाबाई दारातून बघत असतात. मी हात धुऊन वळले की त्या हसतात.

२० जुलै, रविवार

डोळे उघडले! ओल्या कापसानं रोज थोडं थोडं चोळत होते. आज सकाळी दोन्ही डोळ्यांवरच्या टिकल्या सुटून आल्या. आत स्वच्छ काळे डोळे. त्यानं मान उचलली, फणा अर्धवट काढला आणि मला पाहिलं. साप ओळखत नाही, त्याला तेवढा मेंदू नसतो, हे सातवीच्या मुलांना मीच शिकवते. तरी मला वाटलं की त्यानं मला नीट पाहून घेतलं.

केशरबाई आता अंडी आणून देतात. अंगणात येतात, पण कोठ्याकडं पाठ करून उभ्या राहतात. या घरातलं काही आपल्या हातात घेऊ नकोस, असं एकदा म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं. मग त्या पेटीकोटाला नाडी घालायची राहिलीय का वगैरे भलतंच विचारत बसल्या. आई असती तर अशीच असती.

३ ऑगस्ट, रविवार

अंगावर तेज आलंय. आता आकडा नको वाटतो, पण तोंडात औषध घालताना आज वरच्या हिरडीतून दोन नवे दात आलेले दिसले. मोडलेले दात पुन्हा येतात हे वाचलं होतं, प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. आकड्याशिवाय हात लावायचा नाही, हे स्वतःला बजावलं.

पंचमी झाली की त्याला नाल्यापलीकडच्या बांधात सोडून देणार. आत्ता सोडला तर पंचमीच्या तोंडावर एखादा गारुडी उचलून पुन्हा दात मोडायचा. दादाचं पत्र आलं. अण्णासाहेब नावाचं कुठलंसं स्थळ आहे म्हणतो, नोकरदार आहे, दिवाळीत बघू. मी लिहिलं की आधी स्वतःच्या लग्नाचं बघ. पत्र वाचताना तो पाटीतून मान काढून बघत होता. मी झाकण लावलं.

११ ऑगस्ट, सोमवार

आज फार दमले. गावात तापाची साथ आहे, वर्गातली निम्मी पोरं आडवी झालीत. त्यांना घरोघर पोचवता पोचवता संध्याकाळ झाली. रॉकेल संपलंय, दुकानात आलेलं नाही, गोवऱ्या भिजलेल्या. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. दुधाची तहान ताकावर म्हणतात, इथं ताकही नाही.

घरात केशरबाईंनी दिलेलं एकच अंडं होतं. खाऊनच टाकणार होते. पण कात टाकायच्या वेळी त्यानं आठवडाभर काही घेतलं नव्हतं, आज पाटीतून बाहेर येऊन माझ्या खोलीच्या दाराशी पडला होता. मग काय, तळहातावर अंडं ठेवलं आणि हात पुढं केला. आकडा घ्यायचं भानच राहिलं नाही. त्यानं माझ्या हातातून अंडं घेतलं, सावकाश, एखादं शहाणं पोर घास घेतं तसं. दात लागू दिला नाही.

चांगुणाबाई अंगणात उभ्या होत्या. डोळ्यांना पदर लावून रडत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, आनंदानं. मी तांब्याभर पाणी पिऊन झोपतेय.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पंचमी. सकाळी उठले तर चांगुणाबाई नवं लुगडं नेसून, हातात गाठोडं घेऊन अंगणात उभ्या. राजूरला गणपतीच्या दर्शनाला निघाल्या होत्या, तिथून पुढं बहिणीकडं. कधी येणार विचारलं, तर मागं यायचं नाही म्हणाल्या. घर माझं, शेत बटईदाराचं.

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी बाजारहाटाचं सांगावं तसं. काल नागचतुर्थी होती. भावाचा उपास. बाया दिवसभर उपाशी राहतात आणि नागाला भाऊ मानतात, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडं कुणी करत नाही, म्हणून तिथी माझ्या ध्यानातही नव्हती. पण मी दिवसभर उपाशी राहिले आणि माझा घास माझ्या हातानं त्याला दिला. मी का दिला, हे त्याला ठाऊक नाही.

"मी बी असंच उपाशी राहून चारलं होतं," त्या म्हणाल्या. "धरलेल्या बहिणीला तो सोडीत न्हाई, बाई. मारायला हात होईना म्हणून मी वाळवून पाह्यलं, तर मरेना. आता तुमी हायत. मंग मी सुटले."

आणि त्या उंबरा ओलांडून गेल्या. रस्त्यावर पाय ठेवल्यावर त्यांनी एकदाच खाली, स्वतःच्या पावलांकडं पाहिलं आणि भराभर चालायला लागल्या. मला राग आला, मग हसू आलं. बिचारीनं खुळ्या समजुतीपायी आख्खा जन्म घरात काढला.

१३ ऑगस्ट, बुधवार

त्याला पोत्यात घालून नाल्यापलीकडं सोडून आले. झुडपात दिसेनासा होईपर्यंत थांबले. वाईट वाटलं, बरंही वाटलं.

घरी आले. माझ्या अंथरुणावर, धाब्यातून पडलेल्या उन्हात, वेटोळं करून तो बसला होता. दाराला माझं कुलूप होतं. सापांना वास कळतो, वाट कळते, भोकं सापडतात. पण मी सरळ वाटेनं आले होते आणि भराभर आले होते.

१७ ऑगस्ट, रविवार

झेंडावंदन झालं आणि जोडून सुट्टी म्हणून दादाकडं जाऊन आले. जाताना त्याला पाटीत घालून झाकण सुतळीनं बांधलं होतं. दादानं मटण आणलं, सिनेमाला नेलं, शेजारच्या सगळ्यांना मास्तरीण दाखवली. नागाचं सांगितलं नाही, तो लगेच न्यायला आला असता. सुट्टीभर मी किती खुशीत होते!

परत आले तर मनी मरून पडली होती. माझ्या उशीवर. जीभ निळी पडलेली. मनी रोज माझ्या पायाशी झोपायची, जाताना फाट्यापर्यंत मागं मागं आली होती, मीच तिला माघारी हाकललं. पाटीची सुतळी जशी मी बांधली तशीच होती, गाठसुद्धा माझीच. झाकण उघडलं. तो आत होता.

१८ ऑगस्ट, सोमवार

केशरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच कोठ्याकडं तोंड केलं. मग चांगुणाबाईंची गोष्ट सांगितली. नवरा गेल्यावर त्यांना माहेरी न्यायला माणूस आला होता.

"तिचा सख्खा भाऊ न्यायला आल्ता, पोरी," केशरबाई म्हणाल्या. "ह्याच उंबऱ्यात पडला. पाणी मागायलाबी वेळ मिळाला न्हाई."

त्यानंतर चांगुणाबाई कुठं गेल्या नाहीत. त्या निघायचं म्हणाल्या की त्यांच्यावर जीव असलेलं कुणीतरी मरायचं. पुढं गावात तसं कुणी उरलंच नाही.

माझा यावर विश्वास नाही. पण मला दादाचा चेहरा दिसत राहिला. उद्या सकाळीच निघायचं, राजीनामा जालन्याहून टपालानं धाडायचा. केशरबाई ट्रंक घेऊन फाट्यापर्यंत येणार आहेत. दादाला इथं कधीच येऊ द्यायचं नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

केशरबाई गेल्या.

नाल्याच्या उतारावर. माझी ट्रंक त्यांच्या डोक्यावर होती. मी दे म्हणत होते, त्या तुला झेपायची नाही म्हणत होत्या. घोट्याला काहीतरी लागलं म्हणाल्या, काटा असेल. मी खाली पाहिलं. गवत हलत होतं. मी पदर फाडून पाय आवळला, पुंजारामनं गाडी जुंपली, भोकरदनच्या दवाखान्याकडं निघालो. वाटेतच त्यांनी माझा हात सोडला. आधी मला म्हणाल्या की तुझा काही दोष नाही. हे त्यांनी म्हणायला नको होतं.

परत येऊन पाटी उघडली. सुतळी, गाठ, सगळं तसंच. तो आत.

मीच त्याचे दात वाढवले. मीच.

२० ऑगस्ट, बुधवार

शाळेत निघाले होते. दारापुढं गावचे तातेराव पाटील आणि चार-पाच जण उभे होते. आवाज चढवला नाही कुणी. हात जोडून बोलत होते. म्हणाले, शाळेत यायची गरज नाही, हजेरी लागेल, जेवण वरून मिळेल.

"बाई, तुमी घरात राह्यल्या तर गाव बराबर राहील," तातेराव म्हणाले. "चांगुणाबाई घरात बसून होती तवर कुणाला काय झालं का?"

मी खूप ओरडले. त्यांनी मला आत लोटलं नाही. नुसते पुढं पुढं येत गेले आणि मी मागं मागं सरकत गेले. मग रस्त्याकडच्या आणि अंगणाकडच्या, दोन्ही दारांना बाहेरून कडी लावली. माणसं गेल्याचा आवाज आला. कुणीतरी जाताना दारावर फूल वाहिलं असावं, नंतर फटीतून पाकळी आत आली.

खिडकी नाही या घराला. हे मला जूनमध्येच दिसायला हवं होतं. गारवा म्हणत होते मी.

२१ ऑगस्ट, गुरुवार

धाब्यातल्या भोकातून पुंजाराम भाकरी सोडतो. भोक भाकरीच्या गाठोड्याएवढंच आहे. मी पाट्यावर ट्रंक, ट्रंकेवर उखळ ठेवून चढून पाहिलं. डोकं जातं, खांदे जात नाहीत. हाक मारली तर पुंजाराम रडायला लागला. काकासाहेबांना सांग म्हटलं. म्हणाला, सांगितलं, पण बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय असं गावानं त्यांना कळवलंय.

तो आता पाटीत राहत नाही. जिथं मी असेन तिथं. मी लिहिते तेव्हा शाईच्या दौतीजवळ येऊन पडतो.

आज मुसळ उचललं. त्याच्यावर धरलं. पंचशील वगैरे सगळं मनातून काढून टाकलं होतं, केशरबाईंचा पाय डोळ्यांपुढं आणला होता. त्यानं पळावं, नाहीतर फणा काढावा. त्यानं डोकं जमिनीला टेकवलं आणि माझ्याकडं पाहत राहिला. आजारी होता तेव्हा औषधासाठी टेकवायचा तसं. माझ्यानं मुसळ खाली येईना. कितीतरी वेळ तशीच उभी होते. मग खाली बसले. मला स्वतःची किळस आली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दिवसभर दाराशी बसले. फटीतून रस्ता दिसतो. वर्गातली मुलगी कौसल्या पाटी-दप्तर घेऊन लांबून गेली. इकडं बघू नको म्हणून तिच्या आईनं तिचं डोकं दुसरीकडं फिरवलं.

शिव्या दिल्या. दार ठोठावलं. मग लक्षात आलं की मी कुणाला बोलावतेय. जो येईल तो — नको. कुणी नको.

एक बरं आहे. दादाला काही माहीत नाही. दिवाळीपर्यंत यायचा नाही. दिवाळीपर्यंत मी काहीतरी —

मांडीवर येऊन बसलाय. हलत नाही मी.

२३ ऑगस्ट, शनिवार

पुंजाराम भोकातून बोलला. भाकरी सोडलीच नाही आधी. 

"हेडसरनं जालन्याला सांगावा धाडला, मी न्हाई," तो म्हणाला. "तुमचे भाऊ उद्याच्या येष्टीनं येऊन राह्यले."

कर्मचारी आजारी, नातेवाइकांनी घेऊन जावं. नियमाप्रमाणं. काकासाहेबांनी चांगलंच केलं. त्यांच्या मनानं चांगलंच.

अडव त्याला. फाट्यावर अडव. मेले म्हणून सांग. पुंजाराम म्हणाला, अडवतो. पण दादाला तो ओळखत नाही. मेले म्हटलं तर प्रेत बघायला येईल दादा. मेले म्हटलं तर धावत येईल.

सकाळपासून तो माझ्याजवळ नाही. उंबऱ्यावर जाऊन पडलाय. दाराकडं तोंड करून. पुंजारामचं बोलणं झाल्यापासून —

हाक मारली. आला नाही. अंडं दाखवलं. पहिल्यांदाच आला नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

आतून अडसर घातला. ट्रंक लावली, उखळ लावलं.

फाट्यावरचा हॉर्न ऐकू आला. दुपारची एस.टी. —

दादा, हे पान तुला. दाराखालून सारते. कडीला हात लावायच्या आधी वाच. मी ओरडून सांगणार नाही. माझं रडणं ऐकलंस तर तू थांबायचा नाहीस.

मी आजारी नाही. वेडी नाही. दार उघडू नको. मला न्यायला आलास म्हणूनच उघडू नको. माघारी जा. पोलीस आण, परका कुणीही आण, पण तू या उंबऱ्यावर येऊ नको. चांगुणाबाईंचा भाऊ इथंच — केशरबाई पण — ते पुंजारामला विचार. मला हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येत नाही.

त्याला धरलाय मी. डाव्या हातात, डोक्याच्या मागं, गारुडी धरतात तसं. उजव्या हातानं लिहितेय. मला तो काही करत नाही. मनगटाला वेटोळं घालून गप आहे. जोवर मी धरलाय तोवर तुला काही होणार नाही. तू वाचून माघारी वळेपर्यंत सोडणार नाही.

तुझा आवाज. आडाजवळ कुणाला तरी विचारतोयस. पुंजाराम नको नको म्हणतोय. ऐक ना त्याचं, दादा, एकदा तरी कुणाचं ऐक —

पळत येतोयस. चपला वाजतायत.

शीला म्हणालास. इथंच आहेस, दारापलीकडं. बोलणार नाही मी. दात आवळून लिहितेय. एवढं झालं की पान फाडते. थांब. हाताकडं बघतसुद्धा नाही, घट्ट आवळलाय नुसता, बोटं बधिर झाली —

कडी वाजली. दादा थांब, हे घे, हे पान —

डाव्या हातात काहीच —